तोरवरचा फोटो

डोंगरातल्या आतबाशी गावच्या बाजारात सिर्गाचं फोटोचं दुकान होतं, आणि त्या दुकानात निम्मं काम मेलेल्या माणसांचं चाले. खोटं नाही सांगत. पासपोर्टचे फोटो होते, लग्नाचे होते, पण आमच्याकडे कबरीवर काळा दगड उभा करतात आणि त्यावर गेलेल्याचा चेहरा कोरतात. त्यामुळे घरात कुणी गेलं की चाळिसाव्या दिवसाची धांदल आटोपून माणसं आधी सिर्गाकडे येत. आणि येत ती काय घेऊन? कुणी मळका, दुमडलेला जुना पासपोर्ट, तर कुणी लग्नातल्या घोळक्याचा फोटो, त्यात म्हातारा तिसऱ्या रांगेत आणि तोंडात मटण. जिवंतपणी कुणाला सुचत नाही. काढू की, म्हातारा कुठे पळून चाललाय, असं म्हणतात, आणि एक दिवस म्हातारा जातोच.

मग सिर्गा ते घोळके कातरत बसे, संगणकावर, अगदी बारीक बारीक. गेलेल्याच्या खांद्यावर जिवंताचा हात असला तर तो आधी काढायचा. जिवंत माणसाचं बोटसुद्धा कबरीच्या दगडावर जाता कामा नये. गेलं तर तो दगड त्याला ओढून नेतो, असं आमच्याकडे मानतात. आता खरं म्हणा, खोटं म्हणा, पण विषाची परीक्षा कोण घेणार? बारा वर्षांत सिर्गाने किती हात कापले असतील ते खुदाच जाणे. बायकांचे, भावांचे, नातवंडांचे. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आणि घरी दिव्याखाली अंधार. तिच्या सासूचा, ऊलकान अपाचा, एक धड फोटो नव्हता.

दोष सिर्गाचा नव्हता, हे मी आधीच सांगते. ऊलकान अपा कॅमेरा दिसला की तोंडासमोर हात धरायची. सुनेचा धंदा तिला कधी रुचलाच नाही. लोकांची तोंडं कापून पोट भरते आमची सून, असं ती शेजारणींना सांगे, आणि सिर्गा ऐकू येईल एवढ्या अंतरावर आहे ना हे पाहून सांगे. म्हातारी तशी खाष्टच. चहाची वाटी अर्ध्याच्या वर भरली तर विचारायची, मला घालवायची घाई झालीय का? आमच्याकडे मानाच्या माणसाला चहा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा ओततात. वाटी काठोकाठ भरली म्हणजे उठा आता. सिर्गाने एकोणीस वर्षं अर्ध्या वाट्या ओतल्या. दारापाशी, शेगडीजवळ, जिथे सुनेने बसायचं असतं तिथे बसून, मान खाली घालून. नवरा मेलिस रशियात, थंडगार कुठल्याशा शहरात, इमारतींवर काम करायला गेलेला. घरात या दोघीच. दोन बायका, एक खोली, आणि मधे सहा पावलांचं अंतर. ते कधी कमी झालं नाही.

त्या वर्षी पानगळीत अपाच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी सिर्गाला बाजूला घेऊन सांगितलं, वसंतापर्यंत काढेल असं वाटत नाही. अपाला कुणी काही सांगितलं नाही, पण म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागतं का? त्याच सुमारास अपा तिच्या मैत्रिणीच्या, बातमाच्या, वर्षदिनाला जाऊन आली. बातमाच्या दगडावर पासपोर्टातला चेहरा होता. घरी आल्यावर अपा कोट न काढताच बसली आणि म्हणाली, बातमा दगडावर अशी बघतेय, जसं काही तिला कोंबडी चोरताना पकडलंय. आयुष्यभर इतकी हसायची ती, आणि कायमचा राहिला तो हा चेहरा.

मग तिने सुनेला सांगितलं, माझा काढ. नीट काढ.

अटी मात्र भरपूर. डोक्याला पांढराशुभ्र एलेचेक बांधूनच काढायचा, लग्नाकार्यात बांधतात तसा, सात हात कापडाचा. मागे भिंतीवरचा भरतकामाचा पडदा यायलाच हवा. आणि ती बसणार तोरवर, दारासमोरच्या भिंतीशी, घरातल्या थोराच्या जागी, आणखी कुठे नाही.

आता तोर म्हणजे घरातली सगळ्यात मानाची जागा आणि सगळ्यात काळोखी. आमच्या घरांना खिडकी दाराच्याच बाजूला. मागच्या बाजूने डोंगराचा वारा येतो, तिकडे कोण खिडकी ठेवील? त्यात डिसेंबर. खिडकीवर थंडीसाठी प्लास्टिक ठोकलेलं, आणि गावभर विजेच्या शेगड्या लागलेल्या, त्यामुळे दिवा लावला तरी नुसता निखाऱ्यासारखा लाल. भर दुपारी दोन वाजता तोरवर बसलेल्या माणसाचं नाक कुठे आणि गाल कुठे हे अंदाजानेच ठरवायचं.

सिर्गाने दुपारी दुकान बंद केलं आणि कॅमेरा घेऊन घरी आली. अपा तयार होऊन बसली होती. एलेचेक शेजारच्या कुमुशने बांधून दिला होता. सिर्गा आपल्या जागी, दारापाशी, गुडघ्यांवर बसली. आधी तिने फ्लॅश लावून पाहिला. तीन फोटो, तिन्हींत डोळे घट्ट मिटलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून अपाला लख्ख उजेड सोसत नसे. चौथ्या वेळी ती करवादली, अजून मेले नाही मी, अंगावर विजा कशाला पाडतेस?

फ्लॅश काढला. मग कॅमेऱ्याचा खेळ सुरू झाला. लेन्स पुढे जाई, मागे येई, घुर्र करून पुन्हा पुढे जाई, आणि कशावर थांबावं ते तिला कळेना. यंत्राला अंधारात कड लागते, काळ्या-पांढऱ्याची रेघ लागते. म्हातारीच्या चेहऱ्यावर त्या काळोखात एकही रेघ त्याला सापडेना.

"का गं," अपा म्हणाली, "तुझं यंत्र मला ओळखत नाही का?"

सिर्गाने मनाचा हिय्या केला. मान खाली ठेवूनच ती म्हणाली, की अपा, दहा मिनिटं खिडकीपाशी बसलात तर. अजून वाक्य पुरतं झालं नव्हतं.

"दारापाशी?" अपाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्या दारापाशी बसून मी एकतीस वर्षं चहा ओतलाय. तुझी आजेसासू गेली तेव्हा पन्नाशीला इथे वर आले. आता दगडावर पण मला दारातच बसवणार?"

सिर्गाने कॅमेरा उचलला, झूम लांब केला आणि बटण अर्धं दाबून धरलं. घुर्र, घुर्र, आणि मग बारीकसा 'टिक' आवाज आला. बसला फोकस. तिने भराभर सहा फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते बरे दिसले. ती तोरच्या कडेपर्यंत गेली आणि वाकून कॅमेरा अपापुढे धरला. अपाने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. तिच्या त्या डोळ्यांना दिसलं असेल ते एवढंच, की लाल पडद्यासमोर पांढरं शुभ्र काहीतरी ताठ बसलंय. पण ती इतकी खूष झाली, की सिर्गाने तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. बसलेय खरी वर, असं ती दोनदा म्हणाली.

दुकानात सिर्गाने संगणकाच्या मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. भिंतीवरच्या भरतकामाचा टाका न् टाका मोजून घ्यावा. मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, तिची काळी कड, एके ठिकाणी चुकून दोनदा मारलेला टाका, सगळं लख्ख. आणि त्याच्यापुढे अपाचा चेहरा, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा. सहाही फोटोंत तेच. यंत्राला कड हवी होती, ती त्याला भरतकामात सापडली.

आणि हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही हो! तेच तर दुःख. लग्नात नवरी पडद्याआड बसलेली असते, तिथे याहून काळोख. तिथे सिर्गा काय करते? जवळ जाते. यंत्राचं डोकं बंद करून लेन्सची रिंग हाताने फिरवते, नवरीच्या गालाशी बॅटरी धरते, तिचा डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघते, पापणीचा केस दिसला की थांबते, बॅटरी विझवते आणि श्वास रोखून बटण दाबते. सोपं आहे. पण त्यासाठी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं, गालाशी हात न्यावा लागतो. सासूच्या गालाशी? तोरवर चढून? एकोणीस वर्षांत सिर्गा तोरवर गेली होती ती फक्त झाडायला. त्या दिवशी दारापासून पुढे सरकावं, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पाय आपोआप रोजच्या जागी दुमडले आणि तिने तिथूनच फोटो काढला. दुसऱ्या गावचा फोटोवाला असता तर असा चुकला नसता. त्या घरची सूनच चुकली.

आता शहाण्या बाईने त्याच संध्याकाळी सांगून टाकावं की नाही? नाही सांगितलं. अपाने विचारलं, कसा आलाय? सिर्गा म्हणाली, छान आलाय. एकदा खोटं बोललं की ते निस्तरायला रोज नवं लागतं. कागद संपलाय. शाई बिश्केकहून यायचीय. असे चार दिवस गेले. तिकडे मेलिसचा फोन आला तर अपा त्याला अभिमानाने सांगत बसली, की तुझ्या बायकोने माझा फोटो काढलाय, तोरवर, एलेचेक बांधून, आणि येशील तेव्हा बघ. सिर्गा शेगडीत कोळसे घालत ऐकत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथून उठून गोठ्यात गेली आणि गाईच्या अंगाला टेकून रडली. त्या चार दिवसांत अपाची धाप वाढली. पाचव्या दिवशी तिला भिंतीच्या टेकूवाचून बसवेना.

त्या दुपारी अपाने कुमुशला बोलावून एलेचेक पुन्हा बांधून घेतला. कुमुश गेल्यावर तिने वाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, नीट आला नाही ना?

सिर्गाने सगळं सांगून टाकलं. चेहरा पुसट आहे, मागचा पडदा तेवढा स्वच्छ आलाय, चूक माझी आहे, मी खोटं बोलले. सांगताना ती जाजमावरचे धागे उपटत होती. सांगून झालं आणि ती शिव्यांची वाट बघत बसली.

अपाने मान वळवून मागच्या पडद्याकडे पाहिलं. तो तिनेच शिवला होता, नवी सून असताना, दारापाशी बसून, दोन चहांच्या मधल्या वेळात. सात हिवाळे लागले होते.

"यंत्रानेसुद्धा माझं कामच ओळखलं," ती म्हणाली. "तोंड या घरात कुणी पाहिलंय कधी?"

सिर्गाला वर बघवेना. मग अपाने आपल्या शेजारची गादी हाताने सारखी केली, तिच्यावरची चुणी काढली.

"मग ये वर."

सिर्गाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती जागची हलली नाही.

"ये म्हणते ना. यंत्राला मी दिसत नाही, तर तू दाखव त्याला."

सहा पावलं. सिर्गा उठली. गादीच्या कडेशी ती अडखळली, बसू की नको असं झालं, आणि अपाने तिची बाही धरून तिला खाली ओढलं. गुडघ्याला गुडघा लागला. अपाच्या अंगाला औषधाचा आणि बडीशेपेचा वास येत होता. जवळून ती केवढीशी होती! दारातून एवढी मोठी दिसायची बाई, ती एलेचेकखाली मुठीएवढी.

आधी एलेचेक सारखा केला. उशांची चळत रचून तिच्यावर कॅमेरा ठेवला, म्हणजे हलायला नको. फोनच्या बॅटरीवर पांढरा रुमाल गुंडाळला, डोळ्यांना टोचू नये म्हणून, आणि डाव्या हाताने ती अपाच्या गालाशी धरली. उजव्या हाताने रिंग फिरवायची. गालाला लागू नये म्हणून तिने हात बोटभर लांब ठेवला होता. अपाने गाल किंचित कलता केला आणि सरळ त्या हातावर टेकवला.

छोट्या पडद्यावर डोळा मोठा करून सिर्गा रिंग फिरवू लागली. आधी नुसता करडा धूर. मग धुरातून एक गोल. मग पापणीची कड, खालच्या पापणीचे तीनचार विरळ पांढरे केस, आणि त्यांच्यामागे हळूहळू डोळा वर आला, ओला, जिवंत, तिच्याकडेच बघणारा.

"काय दिसतंय?" अपाने ओठ न हलवता विचारलं.

"डोळा, अपा. डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे तुमच्या. तिळाएवढा."

"आहे? मला नाही कुणी सांगितलं."

सिर्गाला तरी कुठे ठाऊक होतं? एकोणीस वर्षं त्याच घरात, आणि सुनेने सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो. त्या एवढ्याशा पडद्यावर तिने आपल्या सासूला पहिल्यांदा पाहिलं. तिला रडू येत होतं, पण रडली असती तर रिंग हलली असती.

अपा बोलत राहिली, अगदी हळू, श्वास पुरेल तेवढंच. सिर्गाने तिला गप्प बसा म्हणायला हवं होतं, पण ती म्हणाली नाही.

"माझ्या सासूने मला कधी वर बोलावलं नाही," अपा म्हणाली. "मला वाटलं, असंच असतं. म्हणून मीही नाही बोलावलं तुला. वाईट केलं गं. दोघींना पुरेल एवढी जागा होती."

सिर्गाच्या उजव्या हाताने बटण दाबलं. फोटो घ्यावा म्हणून नव्हे. फोकस बसलाय की नाही ते बघायला, बॅटरी तशीच धरून, सवयीने घेतात तसा चाचणीचा. तिने तो मोठा करून पाहिला. सगळं होतं. पापण्या होत्या, कपाळावरची प्रत्येक रेघ होती, ओठ नुकतेच मिटत आलेले, आणि डोळ्यांत ते काहीतरी, जे अपाने आयुष्यात कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आणि गालाशी, बॅटरी धरलेला, सिर्गाचा हात. आता हात काढायचा, बॅटरी विझवायची आणि असाच दुसरा घ्यायचा. एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात अपाला ढास लागली. ती बराच वेळ खोकली आणि भिंतीला टेकली. म्हणाली, घसा सुकलाय, घोटभर चहा आण, मग काढ. सिर्गाच्या मनात आलं, की आधी हा एक घेऊ, दोन क्षणांचं काम आहे. पण सासूने चहा मागितला आणि सून 'थांबा' म्हणाली, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. ती उठली. शेगडीवरची किटली गार झाली होती, ती पुन्हा तापवली, दूध घातलं, आमच्याकडे घालतात तसं मीठ घातलं, अर्धी वाटी भरली. परत आली तेव्हा अपा उशीवर कलंडून झोपली होती. एलेचेक सुटून खांद्यावर आला होता. तिला उठवायचा धीर सिर्गाला झाला नाही. उद्या काढू, ती स्वतःशी म्हणाली. गिऱ्हाइकांच्या तोंडून बारा वर्षं ऐकलेला तो शब्द, त्या दिवशी तिच्याच तोंडी आला.

अपा त्या झोपेतून धड अशी उठलीच नाही. ताप चढला, चेहरा सुजला, माणसांची ओळख पुसली गेली. तीन दिवस सिर्गा तिच्या उशाशी, तोरवर, बसून होती आणि चमच्याने पाणी पाजत होती. कॅमेरा कोपऱ्यात होता. तो तिने उचलला नाही. असा चेहरा दगडावर जावा असं कुणाला वाटेल? चौथ्या दिवशी सकाळी अपा गेली.

अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला. मेलिस दुसऱ्या दिवशी पोचला, बर्फाळलेल्या वाटेने, अंगावर कामाचाच कोट. बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि सुनेने गेलेलीचा विलाप म्हणायचा म्हणून सिर्गाकडे बघू लागल्या. विलापाला शब्द असतात, ठरलेले, पिढ्यांपासूनचे: माझ्या घराचा खांब, माझ्या डोंगराचं शिखर. सिर्गाला एकही आठवेना. ती नुसतीच मोठ्याने रडली. कुमुशने नंतर सांगितलं, की इतकं खरं रडणं तिने या अंगणात याआधी ऐकलं नव्हतं.

वसंतात बर्फ वितळल्यावर सिर्गा दगड कोरणाऱ्या ओमुरबेककडे गेली. सासूचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून ते कागदावर लिहून दिलं. मग दोन्ही फोटो पुढे ठेवले. पहिला बघून ओमुरबेक म्हणाला, पडदा झकास आहे, पण बाईला डोळे कुठेत? दुसरा त्याने हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. असा फोटो त्याच्याकडे कुणी आणत नसे. हा कोरतो, तो म्हणाला, हात तेवढा काढून आण.

"हात राहू दे ना," सिर्गा म्हणाली.

ओमुरबेकने तिच्याकडे असं पाहिलं, जशी ती स्वतः शेकडो गिऱ्हाइकांकडे बघत आली होती. जिवंत हात आहे, ताई, तुम्हाला मी सांगावं का? ती घरी आली. मेलिस परत कामावर गेला होता. तिने त्याला फोन लावला. तिला आशा होती, की तो म्हणेल राहू दे. त्याने सगळं ऐकून घेतलं, हाताची गोष्ट, बॅटरीची गोष्ट, वर बोलावल्याची गोष्ट.

"काप, सिर्गा," तो म्हणाला. "आई गेली. आता तुला काही झालं तर मी काय करू?"



एका हाताला तिला एरवी दहा मिनिटं लागत. या हाताला अख्खा दिवस लागला. दुकानाला कडी लावून ती बसली. आधी मनगट गेलं, मग अंगठा. बोटं शेवटी. जिथे बोटं गालाला टेकली होती तिथे गाल थोडा दबला होता; तिथे तिने दुसऱ्या बाजूच्या सुरकुत्या आणून भरल्या, एकेक टाका घालावा तशा. संध्याकाळपर्यंत हात कधी नव्हताच असं झालं. मूळ फोटो तिने छापून दुकानातल्या खणात पालथा ठेवला. मात्र एक गोष्ट तिने काढली नाही. त्या गालावर बॅटरीचा उजेड होता, रुमालातून आलेला, मऊ. हात नाही तर हा उजेड असायला नको, हे तिला कळत होतं. तिने गाल काळा करायला घेतला, अर्धा केला, आणि पुन्हा होता तसा ठेवला.

ओमुरबेकने तो तसाच कोरला.

वर्षदिनाच्या जेवणाला घोडा कापला, माणसं आली, कबरस्तानात जाऊन दुवा मागून आली. मग त्याच खोलीत गालिचे अंथरून म्हाताऱ्या बायका तोरवर बसल्या, त्या भरतकामाच्या पडद्याखाली. आता घरातली मोठी तूच, वर ये, असं त्या सिर्गाला दोनदा म्हणाल्या. येते, ती म्हणाली, आधी चहा होऊ दे. ती दारापाशी, किटलीजवळ बसली होती आणि वाट्या भरत होती.

दगडाचीच चर्चा चालली होती. काय चेहरा आलाय, बाई! ऊलकान अशी बघायची? आपल्याकडे तर कधी अशी बघितली नाही. तोरवर बसलीय म्हणून शोभतेय. मग कुमुश खोलीभर नजर फिरवून म्हणाली, त्या दिवशी एलेचेक मीच बांधला होता, पण या कोपऱ्यात भर दुपारी हाताला हात दिसत नाही. मग तिच्या गालावर एवढा उजेड आला कुठून?

सगळ्या सिर्गाकडे बघू लागल्या.

"दारातून," सिर्गा म्हणाली, आणि तिने अर्धी वाटी भरून कुमुशपुढे धरली.